एका डॉलरची ट्रॉली : लायनेल कंपनीचं १९३४ सालचं संकट

मे १९३४ मध्ये लायनेल कॉर्पोरेशनवर न्यायालयाने रिसीव्हर, म्हणजे कर्जात अडकलेल्या कंपनीचा कारभार ताब्यात घेणारे अधिकारी, नेमले. खेळण्यातल्या विजेच्या आगगाड्या बनवणारी अमेरिकेतली सगळ्यांत नावाजलेली कंपनी ती हीच. तिचा संस्थापक जोशुआ लायनेल कोवेन तेव्हा ५६ वर्षांचा होता. कंपनीचं देणं सुमारे तीन लाख डॉलर होतं. न्यू जर्सीतल्या इर्व्हिंग्टनला कारखाना होता, साचे होते, हात बसलेले कारागीर होते. खेळतं भांडवल मात्र संपलं होतं. जानेवारी १९३५ मध्ये कंपनी रिसीव्हरच्या ताब्यातून सुटली आणि वर्तमानपत्रांनी या सुटकेचं श्रेय मिकी माऊसला दिलं. मिकी आणि मिनी हाताने दांडा मारत चालवतात अशी चावीची एक छोटी ट्रॉली लायनेलने त्या नाताळात विकली होती. किंमत एक डॉलर. चार महिन्यांत २,५३,००० ट्रॉल्या खपल्या आणि आणखी सुमारे एक लाखाच्या ऑर्डरी परत पाठवाव्या लागल्या.

ही गोष्ट आजही अशीच सांगितली जाते : बुडत्या कंपनीला एका उंदराने वाचवलं. ऐकायला छान आहे, पण मला ती अर्धीच खरी वाटते. ट्रॉलीने काय केलं आणि काय केलं नाही हे वेगळं करून पाहायचं, तर आधी कोवेन काय प्रकारचा संशोधक होता ते पाहायला हवं. त्यासाठी ३३ वर्षं मागे, मॅनहॅटनमधल्या एका दुकानाच्या शोकेसपाशी जायला लागतं.

शोकेसमधली पेटी

जोशुआचा जन्म २५ ऑगस्ट १८७७ चा, न्यूयॉर्कचा. स्थलांतरित ज्यू कुटुंब, नऊ भावंडांतला तो आठवा. तेव्हा आडनाव कोहेन होतं, पुढे १९१० मध्ये त्याने ते कोवेन केलं. कॉलेजात त्याचं मन रमलं नाही, सिटी कॉलेज सोडलं, कोलंबियाही सोडलं. रमला तो विजेच्या दिव्यांच्या कारखान्यात. दिवसभर दिवे जोडायचे आणि काम संपल्यावर तिथेच बसून स्वतःचे प्रयोग करायचे. १८९९ मध्ये त्याला पहिलं पेटंट मिळालं. छायाचित्रकार तेव्हा मॅग्नेशियमची भुकटी पेटवून लख्ख उजेड पाडत. ती भुकटी बॅटरीने तार तापवून पेटवायची युक्ती त्याने काढली होती. याच कामाच्या ओघात अमेरिकन नौदलाने त्याला पाणसुरुंगांचे २४,००० फ्यूज बनवायला दिले, १२,००० डॉलरना. त्या पैशाच्या बळावर ५ सप्टेंबर १९०० रोजी हॅरी ग्रँट या सहकाऱ्याबरोबर त्याने लायनेल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. कंपनीला स्वतःचं मधलं नाव दिलं. पण कंपनी नेमकं काय विकणार हे अजून ठरलेलं नव्हतं.

पहिला प्रयत्न होता विजेच्या छोट्या पंख्याचा. दिसायला देखणा, पण वारा लागेना. पंखा पडला आणि त्याची मोटर हाताशी राहिली.

ही मोटर त्याने एका लाकडी पेटीच्या बुडाशी बसवली. पेटीला चार चाकं लावली, लाकडी स्लीपरांवर पितळी पट्ट्या ठोकून रूळ केले आणि त्यांतून बॅटरीची वीज सोडली. १९०१ च्या या गाडीला त्याने ‘इलेक्ट्रिक एक्सप्रेस’ म्हटलं, पण तिला इंजिन नव्हतं, डबा म्हणावं असंही काही नव्हतं. सिगारच्या खोक्यासारखी उघडी पेटी ती. कोवेनच्या डोक्यात ते खेळणं नव्हतंच. शोकेसमधला माल एका जागी पडून राहिला की जाणाऱ्या-येणाऱ्याचं लक्ष जात नाही. तोच माल या पेटीत ठेवला आणि पेटी गोल गोल फिरत राहिली, तर माणसं थांबतील. कॉर्टलँड स्ट्रीटवरच्या रॉबर्ट इंगरसोल या दुकानदाराने चार डॉलर देऊन ती घेतली.

माणसं थांबली. पण त्यांना पेटीतला माल नको होता, पेटीच हवी होती. दुकानदाराने आणखी अर्धा डझन मागवल्या.

कोवेनच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली मला या प्रसंगात दिसते. त्याने कल्पना केली होती एका वस्तूची आणि लोकांनी पाहिली दुसरीच. अशा वेळी बरेच संशोधक आपलीच वस्तू लोकांच्या गळी उतरवायला बघतात. कोवेनने तसं केलं नाही. दुसऱ्याच वर्षी त्याने पेटी बाजूला ठेवून ट्रॅमचा डबा बनवला, रस्त्यावरून जाणाऱ्या खऱ्या ट्रॅमसारखा दिसणारा. लोक जिकडे बघतात तिकडे बघायची सवय त्याने पहिल्याच वर्षी लावून घेतली.

तिसरा रूळ

१९०६ मध्ये त्याने रूळ बदलले. पट्ट्या आणि लाकडं जोडत बसण्याऐवजी घरच्या फरशीवर खटाखट जुळवता येतील असे पत्र्याचे तयार तुकडे केले. दोन बाहेरच्या रुळांमधलं अंतर दोन इंचांहून जरा जास्त आणि मधोमध तिसरा रूळ.

हा तिसरा रूळ जरा सविस्तर सांगायला हवा, कारण कोवेनची बुद्धी कुठे चालायची ते त्यातून कळतं. विजेला जायला एक वाट आणि यायला एक वाट लागते. दोन रुळांच्या गाडीत डावा रूळ जाण्याची वाट, उजवा येण्याची. सरळ रिंगण असेल तर यात काही अडचण नाही. पण मुलाने गाडी वळवून परत त्याच रुळावर आणायचं ठरवलं, म्हणजे फास्यासारखा आकार केला, की डावा रूळ फिरून उजव्याला भेटतो आणि शॉर्ट सर्किट होतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे कोण समजावणार? तीन रुळांत बाहेरचे दोन्ही रूळ एकाच वाटेचे आणि मधला दुसरीचा. रूळ कसेही वळवा, मधला मधेच राहतो आणि बाहेरचे बाहेरच. शिवाय चाकं आणि आस एका धातूचे ठेवले तरी चालतात, एक चाक दुसऱ्यापासून विजेसाठी तोडायची गरज पडत नाही. खऱ्या आगगाडीला असा मधला रूळ नसतो, आणि हुबेहूबपणाचा आग्रह धरणारे लोक लायनेलला यावरून आजही बोल लावतात. मला विचाराल तर कोवेनचा निर्णय बरोबर होता. मूल रूळ चुकीचे जोडणारच, आणि चुकीचे जोडूनही गाडी पळावी हे त्याने आधीच धरून ठेवलं होतं.

याच मापाला त्याने ‘स्टँडर्ड गेज’ असं नाव दिलं आणि ते नोंदवून टाकलं. ते माप तोवर कुणाचंच प्रमाण नव्हतं. पुढे प्रतिस्पर्ध्यांना त्याच मापाच्या गाड्या काढाव्या लागल्या, तेव्हा त्यांना ‘वाइड गेज’ असं दुसरं नाव शोधायला लागलं. घराघरांत वीज येत होती, त्यामुळे बॅटरीऐवजी घरच्या विजेवर चालणारे ट्रान्सफॉर्मरही लायनेलने आणले. पुढे सव्वा इंची, लहान ‘ओ’ गेजच्या गाड्याही आल्या.

इथे एक सांगायला हवं. कोवेन संशोधक होता तसा पट्टीचा गोष्टीवेल्हाळही होता. सात वर्षांचा असताना लाकडी इंजिनात वाफेचं यंत्र बसवलं आणि स्वयंपाकघरात त्याचा स्फोट झाला, ही त्याची आवडती आठवण. कुंडीतल्या फुलावर उजेड पाडणारी दिव्याची नळी आपण बनवली, ती कॉनरॅड ह्युबर्ट या उद्योजकाला देऊन टाकली आणि तिचाच पुढे विजेरी टॉर्च झाला, असंही तो सांगे. पेटंटच्या नोंदी मात्र टॉर्चचं श्रेय डेव्हिड मिसेल या माणसाला देतात. लायनेलभोवतीच्या गोष्टी अशाच गोटीबंद असतात, म्हणून मिकी माऊसची गोष्टही पारखून घेतलेली बरी.

शंभर डॉलरची गाडी

१९२० च्या दशकात लायनेलचं काम शिगेला पोचलं. त्यातला मोठा वाटा मारिओ कारुसो या माणसाचा. पोरवयात कंपनीत आलेला हा इटालियन कामगार पुढे कारखान्याचा प्रमुख झाला. इटलीत, नेपल्सला, लायनेलचे साचे तयार होत. तिथल्या कारागिरांच्या हाताची सफाई पत्र्याच्या डब्यांवर उतरली : खिडक्यांच्या पितळी चौकटी, चकचकीत एनॅमल रंग, आत दिवे, उघडणारी दारं, डब्यांच्या छताखाली बाकडी. १९२९ च्या सुमारास आलेल्या ‘स्टेट’ गाडीचा एकेक डबा दीड फुटाहून लांब होता. निळ्या रंगातली ‘ब्लू कॉमेट’ १९३० ची. न्यू जर्सीत त्याच नावाची खरी गाडी वर्षभरापूर्वीच सुरू झाली होती.

या वस्तू सुंदर होत्या. खेळण्याच्या पत्र्यावर इतकी माया पुन्हा क्वचितच कुणी केली असेल. पण स्टेट गाडीच्या पूर्ण संचाची किंमत शंभर डॉलरच्या वर होती, म्हणजे अमेरिकेतल्या कारखान्यातल्या कामगाराचा जवळपास महिन्याचा पगार. शोकेससमोर माणसं अजूनही थांबत होती. विकत घेऊ शकणारी त्यांत फार थोडी होती. आणि ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळल्यावर तीही कमी झाली.

खेळण्यांच्या धंद्यात एक गाठ असते, ती माहीत नसेल तर १९३४ समजत नाही. माल वर्षभर बनवायचा आणि विकायचा नाताळच्या तोंडावर. जानेवारी ते सप्टेंबर पत्रा, तांबं, रंग, मजुरी यांत पैसा ओतायचा आणि तो परत येतो डिसेंबरात. आपल्याकडे पेणचे मूर्तिकार असेच जगतात, वर्षभर हात मातीत आणि पैसा श्रावण-भाद्रपदात. एक हंगाम पडला तर कर्ज काढून पुढचा उभा करता येतो. सलग तीन-चार पडले की बँक कर्ज देत नाही, दुकानदार ऑर्डर देत नाही, आणि तयार माल गोदामात धूळ खातो. मोठ्या, महाग, पत्रा खाणाऱ्या स्टँडर्ड गेजच्या गाड्यांत पैसा अडकणंही तितकंच मोठं.

कोवेनला हे दिसत नव्हतं असं नाही. कंपनीने ‘विनर’ या वेगळ्या नावाने स्वस्त गाड्या काढून पाहिल्या, पुढे ‘लायनेल ज्युनिअर’ काढल्या. नाव वेगळं ठेवण्यात मला संकोच दिसतो. ‘लायनेल’ म्हणजे उत्तम आणि भारी, ही ओळख वीस वर्षं घडवल्यावर त्याच नावाखाली हलका माल विकायला हात धजत नव्हता.

आणखी एक गोष्ट पदरात पडली होती. आयव्हज ही कनेटिकटमधली जुनी कंपनी १९२८ मध्ये बुडाली, तेव्हा लायनेल आणि अमेरिकन फ्लायर ही तिची प्रतिस्पर्धी कंपनी या दोघांनी मिळून ती घेतली. पुढे ती एकट्या लायनेलकडे आली. एकोणिसाव्या शतकापासून आयव्हजचा हातखंडा होता चावीच्या खेळण्यांत. विजेवर नाव कमावलेल्या लायनेलच्या घरात अशा रीतीने चावी आणि कमान (स्प्रिंग) यांची विद्या आली.

ट्रॉली आणि तिचा हिशेब

रेल्वेचे लोक रुळांची तपासणी करायला ज्या छोट्या गाडीवर बसून जातात तिला आपल्याकडे ट्रॉली म्हणतात. आपल्याकडची ढकलायची असते. अमेरिकेतल्या जुन्या ट्रॉलीला मधे झोपाळ्यासारखा दांडा असे. दोन माणसं समोरासमोर उभी राहून तो आळीपाळीने खाली दाबत आणि गाडी पळे. लायनेलने नेमकी हीच हालचाल उचलली. पत्र्याची छोटी ट्रॉली, एका टोकाला मिकी, दुसऱ्या टोकाला मिनी, दोघांचे हात दांड्यावर आणि पाय रबराचे, म्हणजे दांडा वर-खाली झाला की दोघंही कमरेत वाकतात आणि उठतात. चावी दिली की ट्रॉली सुमारे सव्वादोन फुटांच्या रिंगणात धावत सुटते. रूळ, ट्रॉली, चावी, सगळं एका खोक्यात, एका डॉलरला. ट्रान्सफॉर्मर नाही, वायर नाही, घरात वीज नसली तरी चालेल. मिकी तेव्हा फक्त सहा वर्षांचा होता आणि चित्रपटगृहांतून घरोघरी पोचलेला. डिस्नेचा परवाना घेऊन घड्याळांपासून साबणापर्यंत त्याचं चित्र सगळीकडे लागत होतं.

आता हिशेब करू. २,५३,००० ट्रॉल्या, एक डॉलर प्रत्येकी. म्हणजे गिऱ्हाइकांच्या खिशातून निघालेली एकूण रक्कम २,५३,००० डॉलर. कंपनीचं देणं होतं सुमारे तीन लाख. सगळे पैसे जसेच्या तसे लायनेलच्या हाती आले असते तरी देणं फिटलं नसतं, आणि ते तसे येणं शक्यच नव्हतं. दुकानदाराने डॉलरमागे ४० सेंट ठेवले असं धरू. उरले सुमारे दीड लाख. त्यातून पत्रा, कमानी, रबर, रंग, रूळ, खोकं, मजुरी आणि डिस्नेचा वाटा जायचा. एका ट्रॉलीमागे १० सेंट निव्वळ सुटले असं अगदी सढळ हाताने मानलं तरी एकूण होतात २५,३०० डॉलर. ४० आणि १० हे आकडे माझे, अंदाजाचे आहेत. ते थोडे इकडेतिकडे केले तरी निष्कर्ष बदलत नाही : ट्रॉलीच्या नफ्यातून लायनेलचं कर्ज फिटलेलं नाही.

मग तिने केलं काय? माझ्या मते तीन कामं केली, आणि तिन्ही नफ्याइतकीच मोलाची होती. एक, ऐन हंगामात रोकड फिरती ठेवली. स्वस्त वस्तू पटकन बनते, पटकन जाते, पैसा महिन्याभरात परत येतो. दुसरं, कारखान्याची चाकं फिरती राहिली. यंत्रं बंद पडली असती आणि कारागीर पांगले असते, तर रिसीव्हरांना विकायला फक्त लोखंड आणि जमीन उरली असती. चालता कारखाना पाहिला की घेणेकरीही जरा धीर धरतात. तिसरं काम मला सगळ्यांत मोठं वाटतं. शंभर डॉलरच्या गाडीकडे नुसतं बघून पुढे जाणाऱ्या घरात ‘लायनेल’ लिहिलेलं खोकं पहिल्यांदा गेलं, आणि या वेळी ते नाव लपवून ठेवलेलं नव्हतं.

ट्रॉलीच्या आवाजात त्याच वर्षीची दुसरी गाडी झाकोळली जाते, याचं मला वाईट वाटतं. फेब्रुवारी १९३४ मध्ये युनियन पॅसिफिक रेल्वेने ‘एम-१००००’ ही खरी, ॲल्युमिनियमची, गुळगुळीत तोंडाची गाडी बाहेर काढली आणि देशभर फिरवली. स्टेशना-स्टेशनांवर तिला पाहायला लाखो लोक आले. मंदीच्या दिवसांत पुढच्या काळाचं काहीतरी आपल्या गावच्या फलाटावर उभं राहिलेलं त्यांनी पाहिलं. लायनेलने त्याच वर्षी तिची ‘ओ’ गेजमधली विजेची प्रतिकृती काढली, डब्यांचे सांधेही झाकलेले, अखंड सापासारखी वळणारी. लोक कुठे बघतात हे कोवेनने पुन्हा एकदा अचूक ओळखलं होतं. आणि इथे एक फायदा असा की हुबेहूब वाफेच्या इंजिनावर जितक्या घुमट्या, नळ्या, दांडे, शिड्या लावाव्या लागतात, तितक्या या गुळगुळीत गाडीला लागत नाहीत. गाडी लहान, पत्रा कमी, फ्लॅटमध्ये मावणारी. स्टँडर्ड गेजचा काळ तिथेच सरला. १९४० पर्यंत ते माप लायनेलच्या यादीतून गेलं होतं.

ट्रॉलीचा सिलसिला पुढे दोन-तीन वर्षं चालला. १९३५ मध्ये सांताक्लॉजची ट्रॉली आली, अंडी घेऊन जाणाऱ्या सशाची आली, १९३६ मध्ये डोनाल्ड डक आणि प्लूटोची. पहिलीइतकी एकही गाजली नाही.

जानेवारीनंतर

संकटातून सुटल्यावर कोवेन स्वस्त खेळण्यांकडेच वळला असता तर नवल नव्हतं. त्याने दोन्ही टोकं धरून ठेवली. खालच्या टोकाला काही डॉलरच्या पत्र्याच्या गाड्या. वरच्या टोकाला १९३७ मध्ये न्यूयॉर्क सेंट्रलच्या ‘हडसन’ इंजिनाची प्रमाणबद्ध प्रतिकृती, फक्त इंजिन आणि टेंडर, म्हणजे त्यामागचा कोळसा-पाण्याचा डबा, यांचे ७५ डॉलर. पुढे महायुद्धात १९४२ मध्ये खेळणी थांबली आणि कारखान्यात नौदलासाठी होकायंत्रं बनू लागली. १९४६ मध्ये इंजिनातून धूर निघू लागला, १९४७ मध्ये दुधाचे कॅन बाहेर ठेवणारा डबा आला, आणि १९५३ मध्ये कंपनीची विक्री तीन कोटी डॉलरच्या पुढे गेली. त्यानंतर उतार लागला. १९५९ मध्ये कोवेनने आपले शेअर विकले. ८ सप्टेंबर १९६५ रोजी फ्लोरिडात तो वारला.

पण मला थांबायचं आहे ते १९३५ मध्ये, संकट सरल्यानंतरच्या पहिल्या हंगामात. त्या वर्षी लायनेलच्या गाड्यांना शिट्टी आली. त्याआधीही खेळण्यांना शिट्ट्या असत, पण ही दूरून, ट्रान्सफॉर्मरजवळ बसून वाजवायची होती, तीही गाडी धावत असताना. रुळांतून उलटसुलट वाहणारी वीज मोटरला पोचत असतेच. बटण दाबलं की तिच्यात थोडी एकाच दिशेची वीज मिसळते. इंजिनाच्या मोटरला तिचा फारसा फरक पडत नाही, पण टेंडरमध्ये बसवलेला एक छोटा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, नेमकी तीच ओळखतो आणि दुसरी एक मोटर सुरू करतो. त्या मोटरच्या टोकाला एक चिमुकला पंखा आहे. तो फिरतो, हवा एका अरुंद पोकळीत रेटतो, आणि लांबवर रात्रीच्या गाडीची ऐकू यावी तशी घुमणारी शिट्टी वाजते.

१९०० साली ज्या माणसाच्या पंख्याला वारा नव्हता, त्याच्याच कारखान्यातल्या अभियंत्यांनी हा पंखा तळहाताएवढ्या टेंडरमध्ये बसवला होता. बटणावर बोट आहे तोवर शिट्टी वाजते. बोट उचललं की थांबते.